आबांचा मुक्काम, माझे तास

२ जुलै २००३
निरोप मिळाल्यापासून किती वेळात लंडनहून आपल्या गावी, राहूला येशील? आबांनी जेवताना विचारलं. एजंटला विचारून सांगते म्हटलं.
लंडनच्या शिष्यवृत्तीचं पत्र येऊन आठवडा झाला. केमिस्ट्रीत एम.एस्सी., एक वर्ष. होकार १० ऑगस्टच्या आत तिथं पोचायला हवा.
आबा पूर्वी मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. अंतर अजून मुक्कामांत मोजतात, एका दिवसाची चाल म्हणजे एक मुक्काम. आजी, त्यांची आई, गेली तेव्हा ते सात मुक्काम लांब होते. आले तोवर माती उरकली होती. म्हणाले, "एका दिसात येत आसशील तर जा. त्याच्या वर नगं."

९ जुलै
कुरकुंभच्या कारखान्यातली फर्स्ट शिफ्ट करून दौंडला गेले. ट्रॅव्हल एजंटकडे वेळापत्रक पाहिलं. विमान मुंबईहून पहाटे अडीचला सुटतं, लंडनला सकाळी साडेसातला उतरतं. पाच तास. येतानाही पाच, मुंबई ते घर सहा. दिवसाच्या आत.
आबा हसले. "पाच तास? शिरूरला जाऊन यायला माझा तेवढा येळ जातो." लगेच बिरोबाच्या देवळाकडे गेले, सगळ्यांना सांगायला.

१४ जुलै
लॅबमध्ये सॅम्पल तापेपर्यंत सहज भागाकार केला. सात हजार दोनशे किमी भागिले पाच. ताशी चौदाशे चाळीस. हे विमान एवढं पळत नाही.
दोन्ही वेळा आपापल्या गावच्या घड्याळाच्या. साडेचार तासांचा फरक. म्हणजे साडेनऊ तास. कसं सुटलं नजरेतून?
एजंटला फोन केला. "ताई, निरोप आला त्याच दिवशी सीट मिळंल असं कोण सांगतंय? दीड दिवस धरा."

१८ जुलै
आबा दुधाच्या गाडीवाल्यालाही सांगत होते, "लेक पाच तासांवर हाय." मी आत निघून गेले. खरं सांगितलं नाही तर आबांचा होकार मिळालेलाच आहे, पण तो खोट्यावरचा...

२१ जुलै
सांगितलं. आबा ओसरीवर मेंढी कातरत होते. आई म्हणाली, "पंधरावी झाली आन् घड्याळ येईना व्हय गं?" मला हसू आलं, रडूही.
आबा हसले नाहीत. "दीड दिस. म्हंजी दुसऱ्या मुक्कामाला घरी." कातरी चालूच. लोकर झटकत म्हणाले, "आता देवळात काय सांगू?"
जा म्हणाले नाहीत. नको पण नाही.

२४ जुलै
सकाळी निघताना आबांनी विचारलं, "साडेनऊ तास बसायचं, तर खायला देत्यात का?" देतात म्हटलं. ते मेंढरं सोडायला वळले. मीही थांबले नाही.
केडगाव स्टेशनवर गाडीला वेळ होता. तिथल्या पोस्टातून लंडनला होकाराचं पत्र रजिस्टर केलं. संध्याकाळी पावती आबांच्या कातरीखाली ठेवली. ते मेंढरं घेऊन अजून आलेले नाहीत.