उजव्या बटणासंबंधी

चि. धाकटे मेहुणे यांस आशीर्वाद (तू मागितले नव्हतेस, तरी वडीलकीच्या नात्याने).

तुझी पाठदुखी, तुझ्या पत्नीचा खोकला आणि तुझ्या नव्या मोटारीची तब्येत यांची चौकशी प्रथम करतो. त्यांपैकी मोटारीविषयी तू न विचारताही सविस्तर कळवशीलच. माझी प्रकृती ठीक आहे. तुझी ताई गेल्यापासून सर्वजण मला हाच प्रश्न विचारतात आणि उत्तर येण्यापूर्वीच घड्याळाकडे पाहतात, म्हणून मी उत्तर आखूड करून ठेवले आहे.

आता मुख्य विषय. तू पाठवलेला नवा संगणक पोहोचला. ताई गेल्यानंतर तू माझ्या सोबतीला राहिला होतास, तेव्हा सांत्वनाच्या बोलण्यातही आमच्या जुन्या संगणकाला 'डबडं' म्हणण्याची संधी तू सोडली नाहीस, हे मी विसरलेलो नाही. 'भावोजी, सगळं आपोआप नव्यात जातं. बटण दाबायचं आणि चहा प्यायचा. मग मी येतो नि जुनं साफ पुसून भंगारात देतो,' असे तुझे शब्द होते. त्यानुसार मी दोन्ही यंत्रे एकमेकांस जोडली, बटण दाबले आणि चहा प्यायलो. पडद्यावर 'थोडाच वेळ उरला आहे' असे उमटले. मी जेवलो; थोडाच वेळ उरला होता. मी वामकुक्षी घेतली (वैद्यकीय सल्ल्यानुसार), उठलो, तरी तेवढाच थोडा वेळ जसाच्या तसा शिल्लक. सरकारी कचेरीत उभे आयुष्य घालवलेल्या मला हे वाक्य अपरिचित नाही. परंतु ते उच्चारणाऱ्यास खुर्ची नाही, हे प्रथमच पाहिले.

संध्याकाळपर्यंत सामान सुखरूप पोहोचले, हे न्यायाने मान्य केले पाहिजे. माझ्या पत्रव्यवहारासाठी ताईने केलेले दोन कप्पे, 'यांचे रागाचे' आणि 'यांचे फार रागाचे', हेदेखील नव्या घरी आले. (दुसरा अधिक भरलेला आहे.) अडले ते माउसपाशी. (यास मराठीत उंदीर म्हणावे, अशी सूचना मी पूर्वी केली होती; ताई म्हणाली, मग तो माझ्या टेबलावर नको.) मी नेहमीप्रमाणे मधल्या बोटाने उजवे बटण दाबून एक पत्र उघडू लागलो, तो पत्र मिटलेलेच आणि भलत्याच सूचनांची माळ खाली लोंबू लागली: कापा, चिकटवा, नाव बदला, काढून टाका. पुन्हा दाबले, पुन्हा लोंबली. वस्तू सदोष आहे हे उघड होते. मला आश्चर्य वाटले नाही, कारण आमच्या वाचनालयातील झाडून सगळे माउस याच दोषाचे आहेत. ही बाब मी ग्रंथपालबाईंच्या निदर्शनास लेखी आणली होती (प्रत 'फार रागाचे'मध्ये), आणि तेव्हापासून मी आत शिरलो की बाई कपाटामागे जातात. बँकेतही तीच तऱ्हा. थोडक्यात, सबंध शहरात एकच निर्दोष संगणक होता आणि तो आमच्या घरी होता.

दुकानदाराने माउस बदलून दिला. तोही तसाच निघाला. मग त्याने आपला तज्ज्ञ पाठवला. हा इसम गळ्यात ओळखपत्र अडकवून आणि फोनवर कोणाला तरी 'पोचलोच' असे सांगत आला, नव्या यंत्रावर दोन टिचक्या मारून म्हणाला, 'काका, एकदम ओके आहे.' मी म्हटले, ओके कशाला म्हणतात ते पाहायचे असेल तर जुन्यावर बसून पाहा. तो बसला आणि बघता बघता घामाघूम झाला. 'अहो काका, हा तर ऐकतच नाही! व्हायरस शिरलाय. सगळं पुसायला लागणार.' एवढे बोलून तो खरोखरच पुसण्याच्या तयारीस लागला. मी वायर उपटली. (असे करू नये, असे माहितीपुस्तिकेत म्हटले आहे. पुस्तिका लिहिणाऱ्याकडे असला तज्ज्ञ कधी आला नसावा.) जाताना दारातून तो म्हणाला, 'भंगार आहे काका.' तुम्हा दोघांचे शिक्षण एकाच ठिकाणी झाले आहे काय?

जुने यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. झाले एकदाचे. मग मी दोन्ही यंत्रांची सेटिंगची पाने शेजारी शेजारी उघडली आणि कचेरीत दोन मसुदे ताडून पाहावेत तशी ओळीने ताडून पाहिली. फरक माउसच्या पानावर सापडला. नव्यात लिहिले होते, मुख्य बटण: डावे. जुन्यात, मुख्य बटण: उजवे. त्याखाली खुलासा होता: डावखुऱ्या व्यक्तींसाठी.

तुम्हा भावंडांचा डावखुरेपणा मी लग्नापासून सोसतो आहे, पण तो इथवर पोहोचला असेल हे ध्यानात आले नव्हते. ताईने संगणक आणला तेव्हा आपण त्यास हात लावणार नाही असे मी जाहीर केले होते, म्हणून तिने तो स्वतःच्या हातापुरता लावून घेतला. पुढे मला शिकवण्याची पाळी आली तेव्हा तिने माउस माझ्या उजव्या हाताशी सरकवला आणि एवढेच सांगितले: 'उजवं दाबा. अहो, उजवं!' बटणे काही बदलली नाहीत. आणि मेहुणेबुवा, वाचनालयाची ती तक्रार टंकलिखित कोणी केली? तिनेच! मी सांगत होतो आणि ती चेहऱ्यावरची रेषही न हलवता लिहीत होती. 'झाडून सगळे' याखाली रेघ मारू का, असेही तिने विचारले. मी दोन मारण्यास सांगितले. त्यानंतर ती स्वयंपाकघरात नळ सोडून इतका वेळ का उभी होती, ते आता कळते आहे.

मी नव्या यंत्राचे मुख्य बटण उजवे केले. ते आता उत्तम चालते. सबब तुझ्या भेटीची आवश्यकता उरलेली नाही. जुने यंत्र पुसले जाणार नाही व भंगारातही जाणार नाही. कारण विचारू नये.

कळावे,
तुझा भावोजी

ता. क. वाचनालयाची तक्रार मी मागे घेतलेली नाही. ती ताईच्या हातची आहे.

आणखी ता. क. भेटीची आवश्यकता नाही असे वर म्हटले आहे, ते केवळ यंत्रापुरते वाचावे. रविवारी जेवायला ये. ताई टेबलाशी माझ्या उजव्या बाजूस बसे आणि तिचे डावे कोपर माझ्या उजव्या कोपरावर आदळे. चमच्यातले सांडले की मी तिला जागा बदलण्यास सांगत असे. ती बदलत नसे. हल्ली माझे काहीच सांडत नाही. तू त्या खुर्चीवर बस. मोटारीविषयी बोललास तरी चालेल.