डोंगराआडचा चंद्र

दुबई

आईस जयराजचा लांबूनच दंडवत.

मी ठणठणीत हाय. जेवण बी बरं मिळतंय. तुझे गुडघे कसे हायेत?

हितं बुर्ज खलिफाच्या लय वरच्या मजल्यांवर सूर्य दोन-तीन मिनिटं उशिरा मावळतो. म्हणून रमजानात वरची माणसं रोजा उशिरा सोडतात. सोबतच्या सलीमभाईनं हे सांगितलं आन् मला तू दिसलीस. वाईत सगळ्यांची संकष्टी सुटायची, पर आपल्या घरी डोंगराआडनं चंद्र वर येस्तोवर तू माझ्यासाठी उपाशी बसायचीस. तुझ्या त्या उपासांवरच मी हितवर आलो.

आता शुगरच्या गोळ्या चालू हायेत, तवा संकष्टीला कॅलेंडरातली वेळ झाली की जेव. राहिलेली वाट मी बघतो. हितं चंद्र तुझ्यामागनं तासाभरानं उगवतो, आन् तवर मीबी जेवत न्हाई.

तुझाच,
जयराज