फोनवर ठेवलेला हात

१४ नोव्हेंबर, रविवार

चिमणे,

आशीर्वाद. नको असतील तर परत पाठव, मोठ्या बहिणीचे आशीर्वाद परत करता येतात का, ते मला एकदा बघायचंच आहे. इकडे सगळं ठीक. जिन्यातला दिवा पुन्हा गेलाय. समोरच्या शिंप्याने दुकान वाढवलं, त्यामुळे दिवसभर मशीनची कटकट. बाबांचा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण जेवण व्यवस्थित आहे. रविवारी फोनच्या तिवईशेजारी खुर्ची ओढून बसायची सवय लागली आहे त्यांना. आत्ताही तिथेच बसले आहेत.

दोन वर्षांत माझ्या एकाही पत्राला तू उत्तर दिलं नाहीस. म्हणून हे फाडण्याआधी एवढंच वाच. बाबांना ऐकू येत नाही.

माहीत आहे, दोन वर्षांपूर्वी तूच हे विचारलं होतंस. मी त्यांना तपासून आणलं आणि कान ठणठणीत असल्याचं तुला कळवलं. तपासणारी मुलगी खोटं बोलली नव्हती. लबाडी आपल्या तीर्थरूपांची.

गेल्या महिन्यात मी भाजी घेऊन वर आले, तर कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देतोय, करपल्याचा वास थेट जिन्यापर्यंत, आणि बाबा कुकरपासून हातभर अंतरावर पेपर वाचत बसलेले. मी समोर जाऊन उभी राहिले, तेव्हा मान वर करून म्हणतात, "आलीस? कसला गं वास येतोय?"

दुसऱ्याच दिवशी दुकानातून रजा काढून त्यांना नव्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. भिंतींना गादीसारखं अस्तर लावलेली एवढीशी खोली. काचेच्या आत बाबा, कानांवर ते मोठे हेडफोन. बाहेर बाई बटणं दाबणार, आवाज आला की बाबांनी बोट वर करायचं. बाबांचं बोट टकाटक वर. बाई थोडा वेळ बघत राहिल्या, मग उठून त्यांनी काचेवरचा पडदा ओढला. त्यानंतर बोट वर गेलंच नाही. बाईंनी एक हेडफोन माझ्या कानाला लावला. किरकिऱ्या किड्यासारखा बारीक, टोकदार आवाज, मला तर सहन होईना. पडद्याच्या फटीतून पाहिलं, तर बाबा बोट तयार ठेवून, शहाण्या मुलासारखे वाट बघत बसले होते.

बाहेर आल्यावर ओशाळून म्हणाले, "बटण दाबताना तुमचा खांदा हलतो हो. मागची मुलगी तर भुवईसुद्धा उडवायची."

बाईंनी प्लॅस्टिकचा मोठा कान काढून समजावलं. आवाजाने आतला पडदा थरथरतो. त्याच्यामागे तीन इवलीशी हाडं, हातोडी, ऐरण आणि रिकीब. ती ही थरथर पुढे ढकलतात. मग शंखाच्या आकाराच्या नळीतलं पाणी हलतं, त्यातल्या केसाळ पेशी डोलतात आणि मेंदूला निरोप धाडतात. बाबा त्यांच्या ओठांकडे टक लावून होते. म्हणाले, "हातोडी आणि ऐरण? म्हणजे डोक्यात आमचं वर्कशॉपच की!" बाई हसल्या. मीही हसले.

मग बाईंनी पुढचं सांगितलं. बारीक आवाजांच्या पेशी त्या नळीच्या तोंडाशीच असतात, जाड आवाजांच्या पार आत. सतरंजी दाराशीच आधी झिजते ना, तसंच. जन्मभर गिरणीत मागांचा खडखडाट ऐकून ती दाराजवळची जागा पार गेली, आणि त्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. मशीनने आवाज मोठा होईल, स्पष्ट होणार नाही. माझा घोगरा आवाज अजून थोडाफार पोचतो. तुझा मात्र नाही. "भोंगा आणि चिमणी, अख्खी गिरणी माझ्याच घरी," असं बाबा आल्यागेल्याला सांगायचे बघ. त्यातला भोंगा तेवढा उरला.

आपल्याला कळलं कसं नाही? कारण त्या मागखात्यात कोणालाच कोणाचं ऐकू येत नसे, सगळे ओठ वाचायचे. घरीसुद्धा तोंड फिरवून उत्तर दिलं की धपाटा. "समोर बघून बोल!" आपण त्याला शिस्त समजलो. धागा तुटला की दोन बोटं जोडून झटक्यात फाकवायची, ही त्यांची खूण. आपण कप फुटला तरी तीच खूण करायचो, आठवतं?

फोनला ओठ नसतात, चिमणे.

इतका वेळ ज्याच्याभोवती घुटमळतेय, ते आता लिहिते. बाळ राहिलं नाही, हे सांगायला तू फोन केलास तेव्हा मी कामावर होते. बाबांनी उचलला. तू रडत रडत सगळं सांगितलंस आणि ते म्हणाले, "वा वा, छान! तब्येतीला जप." त्यांना एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. आता मी विचारलं, तर म्हणाले, "फोनमधली गुणगुण थांबली, की मी 'छान' म्हणायचो. पोरीने आपणहून फोन केला म्हणजे बरीच असणार ना?"

मग मी त्यांच्यासमोर बसून, सावकाश, त्यांना बाळाचं सांगितलं. दोन वर्षांनी; तुझ्याकडूनच त्यांना कळलंय, असं मी धरून चालले होते. ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. "परत सांग," म्हणाले. मी परत सांगितलं. त्यांनी दोन बोटं जोडली आणि हळूच फाकवली.

मग विचारलं, "आणि मी काय म्हणालो होतो तिला?"

मी तोंड फिरवलं. आपल्या घरात तोंड फिरवलं की बोलणं संपतं. पण त्यांना समजलं असावं, कारण पुन्हा काही विचारलं नाही.

हा मनुष्य फोनची राखण का करतो, याची मी दोन वर्षं थट्टा करत होते. काल विचारलं. फोनची घंटी आता त्यांना ऐकू येत नाही, म्हणून त्यावर तळवा ठेवून बसतात. वाजला की थरथरतो, तेवढं हाताला समजतं. तू फोन करणंच सोडलंस, हे त्यांना ठाऊक नाही. त्यांना वाटतं, तू दर रविवारी करतेस आणि त्यांचीच घंटी चुकते.

तुझा राग खरा आहे, तो सोड असं मी म्हणत नाही. बोलूही नकोस, बोललेलं पोचणारच नाही. एखाद्या रविवारी नंबर तेवढा फिरव आणि वाजू दे. मी उचलणार नाही. त्यांच्या हाताला कळू दे.

आत्ता मला विचारतायत, कोणाला लिहितेस. मी समोर बघून तुझं नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली. हात तिथेच आहे.

तुझाच,
भोंगा