बाबांचं गाऱ्हाणं

शनिवार, ४ जानेवारी २०२५

हसले सगळे! बाबा सोडून.

आमच्या गावच्या मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाची मीटिंग आज आमच्याच घरी होती. २६ जानेवारीच्या पूजेची. माझे सासरे, काशीराम, जुने गिरणी कामगार, बत्तीस वर्षं त्या पूजेत गाऱ्हाणं घालतात – गावचे सगळे उभे, बाबा देवाशी मोठ्याने बोलणार, आणि प्रत्येक ओळीला लोक म्हणणार, ‘होय म्हाराजा!’ पण ऑगस्टमध्ये घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. आता ते पाटीवर लिहून बोलतात. मग यंदा कोण?

मंडळाचे सेक्रेटरी चंदूकाका म्हणाले, “काशीरामचो जुनो व्हिडिओ आसा माझ्याकडे. तोच लावया स्पीकरवर.”

बाबांनी पाटी ओढली, लिहिलं, सगळ्यांना दाखवली – ‘अक्षता’.

माझं नाव! त्यावर हसले सगळे. मी चहाचा ट्रे घेऊन तशीच उभी.

रविवार, ५ जानेवारी

चंदूकाकांचा फोन. मला नाही, सुयोगला. स्पीकरवर होता म्हणून ऐकलं. “बायलमाणसान गाऱ्हाणा घालूचा? आमच्यात चलना नाय रे. आणि त्या चार दिवसांचा काय?”

सुयोग म्हणाला, “बघू, काका.”

बघू! बायकोचे चार दिवस चारचौघांत काढले आणि नवरा म्हणतो बघू. भाजी करपली तरी उठले नाही.

गुरुवार, ९ जानेवारी

मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं. बसमध्ये बसून, पवईला ऑफिसात पोचेपर्यंत. दिवसभर हेडफोन लावून मी लोकांच्या तक्रारी ऐकते, उत्तरं देते. बोलण्याचाच पगार. तिथे आवाज बाईचा आहे म्हणून कुणी फोन ठेवत नाही.

एवढंच लिहिलं – वीस वर्षं मी पूजेच्या दिवशी आत शिरा ढवळत ते शब्द ऐकलेत. दिवाळीच्या सुट्टीत बाबांनी ते पाटीवर ओळ-ओळ लिहिले आणि मी वहीत उतरवले. पाठ आहेत. बाबांनी नाव माझं घेतलंय. कुणाला अडचण असेल तर माझ्याशी बोला, माझ्या नवऱ्याशी नको.

जेवायच्या सुट्टीत बघते तर मेसेज उडवलेला! आणि खाली – ‘आता फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात.’

शिवी नव्हती, काही नव्हतं. नुसती बोलले होते.

शुक्रवार, १० जानेवारी

सकाळी आई – माझ्या सासूबाई – म्हणाल्या, “तुका कित्याक व्हया ह्या सगळा?” बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

संध्याकाळी घरी आले तर आईच फोनवर. आवाज जिन्यापर्यंत. “नाय चंदू, माझा काय म्हणणा नाय. बायलमाणसाचा त्वांड चलना नाय तर हात कसे चलतत? ह्या टायमाक तीनशे माणसांचो शिरो तुमी बापयेच करा. रवो मी भाजून दाखवतंय.”

फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, “उभी काय? च्या ठेव.”

शेवंतीबाई काशीराम! सातवी नापास. तुमचे उपकार कुठे फेडू!

मंगळवार, १४ जानेवारी

तिळगूळ. चंदूकाकांकडून आला नाही.

बुधवार, १५ जानेवारी

इथे लिहिते. दुसरीकडे कुठे लिहिणार?

मी देव मानत नाही. कधीपासून, तेही सांगता येणार नाही. कॉलेजात असेन. हात जोडते, दिवा लावते, लेकीच्या, ऋतिकाच्या, परीक्षेला नारळही ठेवते, पण समोर कुणी आहे असं वाटत नाही. मग हे भांडण कशासाठी? आईंनी तेच विचारलं होतं.

माझा जन्म मुलुंडचा. गावी सलग दहा दिवसांच्या वर राहिलेले नाही. मालवणी समजते, बोलताना अडखळते. तरी ते शब्द ऐकले की वाटतं, मी कुणाची तरी आहे. माझंही एक गाव आहे. मग ते मी दाराआडूनच का ऐकायचं?

पण ज्याला मानत नाही त्याला मोठ्याने हाक मारायची? हे खोटं नाही? बाबांना कळलं तर? त्यांनी स्वतःची जागा मला दिली आहे. त्यांना फसवतेय असं सारखं वाटतं.

रविवार, १९ जानेवारी

तालीम. बाबा खुर्चीत, मी समोर. मी भराभरा म्हटलं, एका श्वासात. बाबांनी पाटीवर खडू आपटला. लिहिलं – ‘थांब. लोकांका होय म्हणाक वेळ दी.’

ह्याचा तर मी वीस वर्षांत कधी विचारच केला नव्हता!

मग नावं. गाऱ्हाण्यात वर्षभरात गेलेल्यांची, आजाऱ्यांची, परीक्षेला बसणाऱ्या मुलांची नावं घेतात. मुलं म्हणजे मुलगे. मी विचारलं, “बाबा, मुलींची घालू? आणि सासरी गेलेल्यांची?”

लगेच लिहिलं – ‘घाल.’ मग ते पुसून – ‘आदीच घालूक व्हयी होती. चुकलंय.’

ऑपरेशनच्या दिवशीही ह्या माणसाने माझा हात धरला नव्हता. मी आज त्यांच्या पाया पडले. सण नव्हता, काही नव्हतं.

बुधवार, २२ जानेवारी

चंदूकाका आले. शिऱ्याचं मनावर घेतलेलं दिसतंय. म्हणाले, “घाल बाय. पण एक सांगतंय, लोकांनी होय म्हाराजा म्हटला नाय तर माका बोलू नको. तोंडघशी पडशीत.”

बरोबरच आहे त्यांचं. कुणी ओ दिली नाही तर गाऱ्हाणं कसलं? बाई एकटीच बडबडते, एवढंच.

सुयोग त्यांना खाली सोडून आला. म्हणाला, “त्या दिवशी फोनवर मी बोलायला हवं होतं. चुकलं यार.” उशिरा का होईना.

रविवार, २६ जानेवारी

नाहूरचा हॉल. पूजा झाली, माईक हातात आला. पुढे पुरुष, हात जोडून. बाबा माझ्या उजवीकडे.

“बा देवा म्हाराजा! आज तुझी लेकरां हंय जमली हत...”

थांबले. वेळ दिला.

काही नाही! पंखे तेवढे ऐकू येत होते. चंदूकाका जमिनीकडे बघत होते. सुयोग एकटा पुटपुटला, ते त्याचं त्यालाच ऐकू आलं असेल. बाबांकडे पाहिलं. त्यांनी पुढे हात केला – चालू ठेव.

“ज्यो लेकी सासरी गेल्यो, तेंची राखण कर रे म्हाराजा!”

आणि आतून, शिऱ्याच्या टोपापासून – “होय म्हाराजा!” बायका! आई सगळ्यांत मोठ्याने. झारे हातात घेऊन दारात आल्या होत्या सगळ्या. पुढच्या ओळीला ऋतिका आणि तिच्या मैत्रिणी. मग मागचे पुरुष. मग अख्खा हॉल.

मी नावं घेत गेले. एक ओळ विसरले, कुणाला कळलंही नाही. शेवटच्या होयला चंदूकाकांचे ओठ हलले. मी पाहिलं.

देव होता की नाही, माहीत नाही. हे सगळे होते.

सोमवार, २७ जानेवारी

दोन घरांनी प्रसाद घेतला नाही म्हणे. एकाने ग्रुप सोडला. पण ग्रुप आता सगळ्यांना खुला आहे. सकाळपासून बायकांचे मेसेज – एकीने विचारलंय, पुढल्या वर्षी माझ्या लेकीचं नाव घेशील ना?

किती जणांचे आभार मानू! आईंचे, त्या झारेवाल्यांचे, सुयोगचेसुद्धा. बाबांचे तर शब्दांत मावत नाहीत. म्हणूनच सांगून टाकायला हवं.

रविवार, २ फेब्रुवारी

आज सांगितलं. “बाबा, मी देव मानत नाही. तुम्हाला फसवलं.”

त्यांनी पाटी जवळ ओढली. मग लिहिलं – ‘मी पण नाय. गिरणी बंद पडली तेवापासून.’

“मग बत्तीस वर्षं गाऱ्हाणं कुणाला घातलंत?”

पाटी पुसली. हळूहळू लिहिलं –

‘समोर जे उभे आसत, तेंका.’