दार तू उघड

दादा,

बाबा झोपलेत, आवाज करू नकोस. शेजारच्या काकूंनी तुला आत घेतलं असेल, त्यांना आता घरी पाठव.

आई सकाळी गेली. फोनवर सांगवेना, म्हणून नुसतं ‘लगेच ये’ म्हटलं. मी तिला हॉस्पिटलमधून घरी घेऊन येतेय. बाबांना अजून सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

त्यांच्या मनगटावरचा तो बोलणारा पट्टा काढू नकोस. स्वतः यायचं सोडून तू तो पाठवलास तेव्हा मी चिडले होते, पण हल्ली बाबा सगळं विसरतात, त्यांचा दिवस त्याच्यावरच चालतो. आईने त्यात स्वतःचा आवाज भरून ठेवलाय. जेवायच्या वेळी ती म्हणते, ‘अहो, आधी गोळी घ्या.’ नळ चालू राहिला की ओरडते. ऐकून दचकू नकोस आणि त्यांच्यासमोर रडू नकोस.

आता नीट वाच. बाबा हल्ली कुणालाच दार उघडत नाहीत, मलाही नाही. म्हणून आईचा फोन घराजवळ आला की पट्टा तिच्या आवाजात सांगतो, ‘अहो, मीच आलेय, दार उघडा.’ मग ते केस सारखे करतात आणि दाराशी जाऊन उभे राहतात.

तो फोन तिच्या पिशवीत आहे आणि पिशवी माझ्या खांद्याला. बंद करायला दोनदा बाहेर काढला, पण करवत नाही.

आम्ही दोघी दिवेलागणीपर्यंत पोचू. पट्टा बोलला की बाबांचा हात घट्ट धर आणि दार तू उघड.