तिचा पाय चुकत नव्हता

वस्ताद, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली आणि मला लिहायची सवय नाही. तरी आज राजुरीतल्या शाळेच्या ओट्यावर बसून लिहितोय, कारण हे ऐकून मला शिव्या घालील असं माणूस आता उरलेलं नाही. आपला तमाशाचा फड अजून चालू आहे. थोरल्या मालकांच्या मागे त्यांची सून तो सांभाळते, आम्ही तिला बाई म्हणतो. आणि तुमच्यानंतर ढोलकी मीच वाजवतो. म्हणजे कालपर्यंत वाजवत होतो.

यंदा तालमीला ओतूरबाहेर कांद्याचं एक रिकामं शेड मिळालं. वर पत्रा, खाली कांद्याची सालं, झाडून झाडून संपेनात. दसऱ्याला पहिला खेळ, हातात पंधरा दिवस. पहिल्याच दिवशी आमच्यातली मुख्य नाचणारी, बारा वर्षं माझ्या ढोलकीवर नाचलेली, पायांत घुंगरं बांधून पाठीमागून आली आणि तिनं खांद्यावर हात ठेवला, तेव्हा मी दचकलो. "मामा, एवढं कशात ध्यान व्हतं?" म्हणून ती हसली. मीही हसलो. दोन्ही पायांत मिळून चार-पाच किलो घुंगरं, आणि ती चालत आल्याचं मला कळलंच नव्हतं. सगळे जेवायला गेल्यावर मी सामानाच्या पेट्या ठेवल्या होत्या त्या कोपऱ्यात गेलो. घुंगरांचा एक पट्टा उचलून उजव्या कानाशी हलवला. काही नाही. डाव्या कानाशी हलवला, तर लांब कुठेतरी कुणी वाळू चाळतंय असं वाटलं. पुन्हा उजव्या कानाशी. पट्टा हातात हलताना दिसत होता, कानात काहीच येत नव्हतं. माणसांचं बोलणं कळत होतं, हलगी कळत होती, माझी ढोलकी कळत होती. नेमका जो बारीक आवाज धरून मी चाळीस वर्षं भाकरी खाल्ली, तेवढाच गेला होता.

तो आवाज धरायला तुम्हीच शिकवलंत. तळेघरच्या वरच्या वाडीतून मी जुन्नरला तुमच्याकडे राहायला आलो, तेव्हा मला वाटलं होतं की तुम्ही आधी हात बसवून घ्याल. तुम्ही मला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसवलंत. आत चाची स्टोव्ह पेटवून पातेली आदळायच्या, मुद्दाम, तुम्ही सांगितलेलं असायचं म्हणून. आणि तुम्ही दाराआड उभे राहून एका पायात घुंगरांचा एकच पदर बांधून ठेका धरायचात. "फडात तुझ्यासाठी कोण गप बसनार न्हाई. या गोंगाटात माझा पाय धर," म्हणायचात. "हाताचं काय, हात मागनं येतो. कान उघडा ठेव." मी चुकलो की चाची पातेलं खाली ठेवून विचारायच्या, "बेटा, थोडं हळू आपटू का?" तुम्ही आतून ओरडायचात, "आजाबात न्हाई!" जेवताना मात्र रश्श्यातला मोठा तुकडा माझ्याच ताटात पडायचा.

तालमीत गाणं चालू असेपर्यंत माझं निभायचं. पेटीचा सूर असतो, मागे सूर ओढून झील धरणारे असतात, त्यांच्या आधारानं हात चालायचा. पण तिच्या मुख्य लावणीत मध्येच गाणं थांबतं आणि नुसता तिचा पाय आणि माझी ढोलकी उरते. तिथे मी चाचपडायला लागलो. अंदाजानं वाजवायचो, आणि समेवर ती एकीकडे, मी दुसरीकडे. रोज त्याच जागी. आणि रोज सगळ्या माना तिच्याकडे वळायच्या, कारण माझी ढोलकी चुकलेली कुणी पाहिलीच नव्हती. बाई म्हणायच्या, "अगं, मामा घड्याळागत वाजवत्यात. तूच कुठं पळतीस?" ती मान खाली घालून पुन्हा जागेवर जाऊन उभी राहायची.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. चार शब्दांचं काम होतं. पण बहिऱ्या ढोलकीवाल्याला कुठला फड ठेवून घेतो, वस्ताद? बायको वारल्यापासून घरी कुणी नाही. वाडीतल्या भातखाचरावर भाऊ राबतो, त्याच्या ताटात मी काय म्हणून जाऊन बसू? पोरगा भोसरीला कंपनीत आहे, त्याच्या एका खोलीत चार माणसं झोपतात. आणि मी तिथे करू काय? मला दुसरं काही येत नाही. दिवसभर हे असं डोक्यात घोळायचं. गाणं थांबायची ती जागा जवळ आली की वाटायचं, पत्रा कोसळावा, लाईट जावी, काहीही व्हावं.

दहाव्या दिवशी दुपारी ती माझ्यासाठी चहा घेऊन आली. समोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "मामा, माझं नेमकं कुठं चुकतंय तेवढं सांगा. लेकीची शप्पत, मला उमगत न्हाई. माझ्या पायाला तर बरुबर वाटतंय." तिच्या पायाला बरोबर वाटत होतं, कारण ते बरोबरच होतं. मी चहाचा घोट घेतला आणि म्हणालो, "तिसऱ्या फेऱ्याला घाई करतीस." तिनं मान हलवली. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून बरोबर पडणारा पाय ती मोडायला बसली. शेडच्या मागे फरशीवर एकटी घोटत राहायची, अर्धा ठेका थांबून, मग पुन्हा तसंच. दोन दिवसांत टाच उलली. हळद भरून फडकं बांधायची आणि त्यावर घुंगरं.

मंचरचा खेळ तुम्हाला आठवतोय का? मी नवा होतो. माझी सम चुकली आणि मी नाचणाऱ्या बाईच्या पायाकडे कपाळाला आठ्या घालून पाहिलं, म्हणजे लोकांना वाटावं तीच चुकली. तुम्ही बाजूला उभे होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या गळ्यातली ढोलकी काढून घेतलीत आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "चुकला त्याचं काय न्हाई, मी बी चुकतो. चूक तिच्या पायात टाकलीस. हात धुऊन घे आन मगच वाद्याला शिव." आठ दिवस मी तुणतुणं धरून उभा होतो. तेव्हा मला तुमचा लई राग आला होता. वाटायचं, एवढीशी नजर, तिचं एवढं काय!

पहिल्या खेळाला दोन दिवस राहिले तेव्हा बाईंनी ती लावणी तिच्याकडून काढून एका नव्या मुलीला दिली आणि हिला मागच्या रांगेत उभं केलं. मला वाटलं, भांडेल. ती एवढंच म्हणाली, "मामा म्हनत्यात तर चुकतच आसंल माझं." मी तिथेच होतो. ढोलकीची दोरी ओढत होतो. आधीच ताणलेली दोरी पुन्हा पुन्हा ओढत होतो.

काल दसऱ्याला राजुरीत पहिला खेळ लागला. कनातीबाहेरही माणसं उभी होती. गण झाला, गवळण झाली, मग ती लावणी. दोन दिवस तालमीत नवी मुलगी माझ्या हाताकडे बघून पाय टाकायची म्हणून निभावलं होतं, इथे तिचं तोंड लोकांकडे होतं. गाणं थांबलं आणि नव्या मुलीचे पाय सुरू झाले. माईकवरनं पेटी ऐकू आली होती, घुंगरांना कुठला माईक? मी वाजवत सुटलो. समेवर मुलगी थांबली आणि माझा हात पुढे गेला. त्याच जागी. कुणीतरी शिट्टी मारली, मग हशा पिकला. मुलगी घाबरून उभीच राहिली. हात थांबवायचंही मला सुचेना. तेवढ्यात मागच्या रांगेतून ती पुढे आली. तिनं मुलीकडे पाहिलं नाही, माझ्या हाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे. आणि माझ्या पायाजवळ, स्टेजच्या फळीवर, तिनं पाय आपटायला सुरुवात केली. तो ठेका मला कानात नाही आला, वस्ताद, तळपायातून आला. मी तो धरला. तिनं त्याच उललेल्या टाचेनं लावणी शेवटपर्यंत नेली आणि लोकांनी पुन्हा एकदा घ्यायला लावली.

माझे कान गेलेत हे रात्रीच सगळ्यांना कळलं. आज सकाळी बाईंनी मला बोलावलं. रागावल्या नाहीत, तेच जड गेलं. म्हणाल्या, "मामा, नारायणगावला कानाचा डॉक्टर हाय, मशीन बसवत्यात. बसवून या, मग बगू." तोवर ढोलकी हलगीवाला वाजवणार आणि मी दारावर तिकिटं फाडणार. लावणी तिला परत मिळाली. मी ढोलकी हलगीवाल्याच्या हातात दिली, त्यानं वाकून नमस्कार केला, मला त्याच्या पाठीवर हात ठेवायचंही सुचलं नाही.

मग ती आली. कागदात पोहे आणले होते. माझ्या डाव्या बाजूला बसली, मुद्दाम, मोठ्यानं बोलत. "मामा, जीवाला लावून घेऊ नका. कान आसंच जात्यात, हळूहळू. मानसाला सोताला पत्ता लागत न्हाई. माझ्या आयचं बी तसंच झालं. तुमाला तरी कुठं ठाऊक व्हतं!"

मी मान हलवली. तोंडात पोह्यांचा घास होता आणि मी होकारार्थी मान हलवली.

ती आत्ता समोरच्या राहुटीत गरम पाण्यात पाय सोडून बसलीय, इथून वीस पावलांवर. तिथे जाऊन 'मला ठाऊक होतं' एवढंच म्हणायचंय. सकाळपासून तीनदा उठलो आणि तीनदा परत बसलो. हा कागद कुठे पोचायचा नाही. तुम्हाला लिहायला घेतलं ते त्यासाठीच.