माझा अर्ज माझ्याच टेबलावर

धारणी
१४ ऑगस्ट २००७

आदरणीय किसनभाऊंना चंद्रभान तायडेचा सविनय जयभीम.

आपण, वहिनी आणि जठारपेठेतली सगळी मंडळी ठणठणीत असाल असं धरून चालतो. गुडघा कसा आहे ते कळवावं. माझी प्रकृती बरी आहे. (मध्यंतरी ताप येऊन गेला, पण तो सगळ्या धारणीलाच आला होता, त्यामुळे माझा म्हणून धरत नाही.) पत्रास विशेष कारण नाही, सहजच लिहितो आहे.

आपल्याला ठाऊकच आहे की सहा वर्षांपूर्वी मी अकोल्याला बदली मागितली होती. तेव्हा दीक्षा चौथीत होती. आता ती दहावीत आहे आणि मी घरी गेलो की पाहुण्याला आणावा तसा चहा ट्रेमधून आणते. हे मला फार लागतं. तुमची बहीण तिकडे शाळेची नोकरी, घर आणि पोरगी एकटीने सांभाळते. अर्जाचं काय झालं म्हणून ती दर दिवाळीला विचारायची आणि मी दर दिवाळीला जिल्हा कार्यालयाला नावं ठेवायचो. (आमच्या खात्याचं नाव इथे लिहीत नाही, पत्र कुणाच्याही हाती पडतं.)

अशात माहितीच्या अधिकाराचा कायदा आला. आमच्या साहेबांची खुर्ची रिकामी असल्याने जन माहिती अधिकाऱ्याचा कार्यभारही माझ्याकडेच आला आणि मला एक दिवसाच्या प्रशिक्षणाला अमरावतीला धाडलं. (जेवणात पुरी-भाजी होती, पण ते असो.) तिथे कळलं की कुणीही साध्या कागदावर अर्ज करावा, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावावं आणि तीस दिवसांत सरकारी कागद पाहायला मागावा. का मागतोस, असं अर्जदाराला विचारता येत नाही. वीस वर्षांच्या संसारात अशी सवलत मला कधी मिळाली नव्हती. अकोल्याला येऊन मी हे सगळं तुमच्या बहिणीला समजावलं. तिने ते वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतलं. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

जूनमध्ये मी नागरिक या नात्याने जिल्हा कार्यालयाला अर्ज केला: माझा बदलीचा अर्ज कुठे आहे? त्यांनी तो विभागीय कार्यालयाकडे सरकवला. तिथल्यांनी कळवलं की संबंधित कागद अर्जदार जिथे काम करतो तिथेच आहे आणि अर्ज पुढे धाडला. पाच दिवसांत पुढे पाठवायचा नियम दोघांनीही पाळला. सरकारी कागद एवढा पळताना मी पहिल्यांदाच पाहिला. शेवटी तो धारणीच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडे आला. मी शिक्का मारला, आवक क्रमांक दिला आणि अर्ज मिळाल्याची पोच माझ्या खोलीच्या पत्त्यावर टपालाने पाठवली. आमचा शिपाई जानराव म्हणाला, "साहेब, तुमी तुमालेच कावून पत्र धाडून राह्यले? इथंच बोलून घ्या ना." तोंडी माहितीला किंमत नसते, हे त्याला समजावता समजावता नाकी नऊ आले.

मग शोध. आमच्याकडे तीन कपाटं. दोन गेल्या वर्षीच्या पाहणीच्या अर्जांनी गच्च भरली आहेत. (गावोगावी फिरून ते दोनदा भरून घेतले, कारण पहिले पाहणी पथकाकडून हरवले. दुसरे न्यायला कुणी आलंच नाही.) तिसऱ्यात, तळाच्या कप्प्यात, २००२ सालचा एक लखोटा सापडला. वर लिहिलेलं, 'गोपनीय. कार्यालयप्रमुखांसाठी.' तो आला तेव्हाही साहेबांची खुर्ची रिकामीच होती. बावीस वर्षांच्या नोकरीत मी दुसऱ्याचा गोपनीय लखोटा कधी उघडला नाही. कुलूप लावून ठेवला. पुढे तीन साहेब आले आणि गेले, पण गोपनीय काही आहे का असं कुणी विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय गोपनीय गोष्ट सांगायची कशी?

जानराव म्हणाला, "उघडा आता. आतमंदी तुमचंच नाव हाये. डिंक पावसात सुटला होता, तवा मी वाचलं." पाच वर्षं बोलला का नाहीस, असं विचारलं तर म्हणतो, "गोपनीय होतं ना."

आत लिहिलं होतं की श्री. तायडे यांची अकोल्याला बदली करण्यास हरकत नाही. त्यांचे संमतीपत्र पंधरा दिवसांत पाठवावे, अन्यथा त्यांना बदली नको असे समजून प्रकरण बंद करण्यात येईल. भाऊ, मी जानरावच्या स्टुलावर बसलो आणि रडलो. तुमच्यापासून काय लपवायचं.

मुदतीच्या आत मी स्वतःला लेखी उत्तर दिलं. अर्ज कुठे अडला: या कार्यालयाच्या कपाटात. जबाबदार कोण: कपाटाची किल्ली श्री. तायडे यांच्याकडे असते. समाधान न झाल्यास वरिष्ठांकडे अपील करता येईल. मी अपील केलं नाही.

बाकी सर्व क्षेम. वहिनींना जयभीम, मुलांना आशीर्वाद.

आपला,
चंद्रभान

ता. क. : पत्रास विशेष कारण नाही असं वर लिहिलं, ते पूर्णपणे खरं नाही. सोमवारच्या टपालात या कार्यालयाकडे आणखी एक अर्ज आला. अर्जदार: ललिता चंद्रभान तायडे. मजकूर: 'माझ्या पतीच्या बदलीच्या अर्जावर निर्णय कोणत्या तारखेला झाला, आणि तो कुणी दाबून ठेवला, त्याचे नाव व हुद्दा.' तिकीट बरोबर लावलं आहे, अक्षर शाळेच्या फळ्यावरचं. ही माहिती तिला का हवी, हे मला कायद्याने विचारता येत नाही. तुम्ही भाऊ आहात, तुम्ही विचारा. जमलं तर अर्ज मागे घ्यायला लावा.

ता. क. दुसरा : वरचं रद्द समजावं. तिला काही विचारू नका. अर्ज परत नीट वाचला. 'माहिती टपालाने हवी की व्यक्तिशः' या रकान्यात तिने लिहिलं आहे, 'व्यक्तिशः. सोबत दीक्षा येईल. मुक्काम करू. घरात ताटे किती आहेत तेही कळवावे.' तपासलं, ताट एकच आहे. तुमच्याकडची दोन तिच्या पिशवीत घालून द्या. बदलीचा नवा अर्ज लिहून तयार आहे. तो कपाटात ठेवलेला नाही, तिच्याच हाती देणार आहे.